ऑफिसमध्ये ठेवायची इमर्जन्सी बॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी इमर्जन्सी किट असावं हे आता बऱ्याच जणांना पटलंय, पण दिवसातले आठ-दहा तास आपण ज्या जागी असतो तिथे आपल्याजवळ काय असतं, तर मोबाईल, पाकीट आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली. त्याबद्दल लोक जे जे विचारतात ते इथे एका ठिकाणी घेतलंय. ऑफिस म्हटलंय पण दुकान, कारखाना, शाळा, लॅब, कुठेही काम करत असाल तरी तेच लागू आहे.

ऑफिसमध्ये अशी काय इमर्जन्सी येणार आहे? खरंच लागतं का हे?

लागतं. इमर्जन्सी म्हटलं की लोकांना लगेच बिल्डिंग कोसळलीय वगैरे असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं, पण बहुतेक वेळा घडतं ते साधं असतं, ते म्हणजे घरी जाता येत नाही. लाईट गेली, गाड्या बंद पडल्या, रस्त्यावर पाणी भरलं, वादळ आलं, शेजारच्या भागात गॅस गळती झाली आणि पोलिसांनी सांगितलं की कोणी बाहेर पडू नका. तुम्हाला खरचटलेलंही नसतं, तरी रात्र ऑफिसात काढायची वेळ येते.

१४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात लाईट गेली ती दुपारी चारच्या सुमाराला, म्हणजे ऐन ऑफिस सुटायच्या तोंडावर. जवळपास ५ कोटी लोकांना फटका बसला आणि न्यूयॉर्कमध्ये मेट्रो बंद पडल्यामुळे माणसं पूल ओलांडून चालत घरी गेली, ज्यांना ते जमलं नाही ती तिथेच थांबली. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप झाला तेव्हा टोकियो शहरातल्या इमारती बऱ्यापैकी शाबूत होत्या, तरी ट्रेन थांबल्या आणि टोकियो आणि आसपासच्या भागात मिळून अंदाजे ५१ लाख लोक त्या दिवशी घरी पोचू शकले नाहीत. दोन्ही वेळा लोकांना लागलं ते पाणी, चालायला बरे बूट, चार्जिंग आणि रोजची औषधं, म्हणजे ज्या गोष्टी कुणीही आधीपासून ठेवू शकतो त्याच.

किती दिवसांचं सामान ठेवायचं?

एक दिवसाचं, म्हणजे २४ तासांचं. घरच्या किटमध्ये तीन दिवसांचं किंवा त्याहून जास्त ठेवतात, ऑफिसच्या बॅगेचं काम वेगळं आहे. एक तर तिथेच थांबायला लागलं तर रात्र धडपणे निघावी, आणि निघायला लागलं तर पायी घरी पोचता यावं. कुठलीही वस्तू घेताना स्वतःला एवढंच विचारा की ही या दोनपैकी कशाला उपयोगी पडणार, आणि उत्तर सापडलं नाही तर ती घेऊ नका.

कंपनीने म्हणून ठेवायचं असेल तर गणित मोठं होतं. टोकियोमध्ये २०११ नंतर नियम केला, तो एप्रिल २०१३ पासून लागू आहे, त्यात कंपन्यांना सांगितलंय की कर्मचाऱ्यांसाठी तीन दिवस पुरेल एवढं पाणी आणि खाणं साठवून ठेवा आणि लोकांना घाईघाईने घरी सोडू नका, कारण सगळे एकदम रस्त्यावर आले की ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडलाच वाट मिळत नाही.

ऑफिसचा फर्स्ट एड बॉक्स आहे ना, मग वेगळी बॅग कशाला?

तो बॉक्स सगळ्यांचा असतो आणि तो किरकोळ जखमांसाठी असतो. त्यात तुमच्या नंबरचा चष्मा नसतो, तुमची बीपीची गोळी नसते, तुमच्या मापाचे बूट नसतात. शिवाय तो बहुतेक ठिकाणी पँट्रीत नाहीतर रिसेप्शनला असतो, दहाव्या मजल्यावर अंधारात तुम्ही एकीकडे आणि बॉक्स दुसरीकडे. आज उद्या जमेल तेव्हा एकदा तो उघडून बघा, आत काय आहे आणि एक्स्पायरी काय आहे, आणि काही संपलं असेल तर ॲडमिनला सांगा.

एकच गोष्ट ठेवायची असेल तर कुठली?

बूट. पाण्याच्याही आधी मी बूट सांगेन, कारण पाणी ऑफिसमध्ये थोडंफार तरी कुठे ना कुठे असतंच, तुमच्या पायाचे बूट मात्र कुठेच नसतात. हिल्स, पातळ तळव्याच्या चपला, कडक लेदरचे फॉर्मल शूज, यातलं काहीही घालून दहा जिने उतरून मग काचा पडलेल्या रस्त्यावरून आठ किलोमीटर चालून बघा म्हणजे काय होतं ते सांगायला नको. पायाला फोड आले की माणूस अडकलाच.

नवे कोरे बूट घेऊन ठेवू नका. वापरून पायाला बसलेले पण अजून सोल धड असलेले जुने स्पोर्ट्स शूज सगळ्यात चांगले, म्हणजे पुढच्या वेळी नवे घ्याल तेव्हा जुने टाकून न देता ऑफिसला न्या, खर्च शून्य. त्यात जाड सॉक्सची जोडी गुंडाळून ठेवा.

आणि अंतराचा अंदाज घ्या. जपानमध्ये नियोजन करताना असं धरतात की घर १० किलोमीटरच्या आत असेल तर माणूस चालत पोचेल, २० च्या पुढे असेल तर नाही पोचणार, आणि मधल्या पट्ट्यात जसजसं अंतर वाढेल तसतसे पोचणारे कमी. आपण एरवी तासाला चार-पाच किलोमीटर चालतो पण गर्दीत, अंधारात, खांद्यावर ओझं घेऊन तेवढं होत नाही. तुमचं घर २५ किलोमीटरवर असेल तर चालत जायचा विचार सोडा आणि बॅग थांबण्याच्या हिशोबाने भरा, किंवा वाटेत कुणी नातेवाईक, मित्र राहतो का ते आजच बघून ठेवा.

पाणी किती?

घरच्या किटसाठी माणशी दिवसाला साधारण ४ लिटर धरतात, त्यात पिणं आणि थोडी स्वच्छता दोन्ही आलं. ऑफिसमध्ये जागा असेल तर डेस्कखाली ३ लिटर सीलबंद ठेवा, आणि बॅगेत त्यातलं एक-दीड लिटरच घाला कारण एक लिटर म्हणजे एक किलो, खांद्याला कळतं ते. अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेतल्या तर बरं, वाटून घेता येतात आणि एक फुटली तर सगळं जात नाही. खिडकीच्या उन्हात ठेवू नका, फिनेल किंवा प्रिंटरच्या केमिकलशेजारी तर नकोच.

वॉटर डिस्पेन्सरवर भिस्त ठेवू नका. पंप लाईटवर चालतात, लाईट गेली की वरच्या मजल्यांना टाकीत असेल तेवढंच पाणी.

खायला काय ठेवू?

जे शिजवावं लागत नाही, गरम करावं लागत नाही आणि ज्याने तहान वाढत नाही. एनर्जी बार, बिस्किटं, मनुका-खजूर, बिनमिठाचे दाणे नाहीतर बदाम. खारट, तळलेलं शक्यतो टाळा, कारण पाणी मोजकं आहे. चॉकलेट उन्हाळ्यात वितळून सगळ्या बॅगेला लागतं. आणि जे तुम्हाला एरवी आवडत नाही ते ठेवू नका, भूक आणि टेन्शन दोन्ही एकदम असताना नावडतं खाणं घशाखाली उतरत नाही. पॅकबंद असू द्या आणि वरून झाकणाच्या डब्यात, ऑफिसमध्ये उंदीर नसतात या भरवशावर राहू नका.

शेजारच्या कुणाला दाण्याची ॲलर्जी आहे का तेही विचारा, वाटून खायची वेळ आली तर ते आधी माहीत असलेलं बरं.

औषधांचं कसं करायचं?

याच्यावर जरा नीट वेळ द्या कारण बाकी सगळं उसनं मिळेल पण तुमची गोळी शेजाऱ्याकडे नसते. रोजच्या गोळ्या दोन ते तीन दिवसांच्या ठेवा, मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा म्हणजे नाव आणि एक्स्पायरी दिसते, सुट्ट्या काढून डबीत टाकू नका. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ते त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, तुम्ही बेशुद्ध असाल तर कागदच बोलणार आहे.

फीट येणाऱ्यांची औषधं, हार्टची, बीपीची, थायरॉइडची, मानसिक आजाराची, यातली काही एकाएकी बंद पडली तर त्रास होतो, काहींत तर धोका असतो. म्हणून डॉक्टरांना पुढच्या भेटीत सरळ सांगा की मला ऑफिसात ठेवायला थोडी जास्तीची हवीत, बहुतेक डॉक्टर समजून घेतात. घरचा नवा स्टॉक आला की ऑफिसमधला जुना घरी आणून आधी संपवायचा आणि नवा तिकडे न्यायचा, म्हणजे काहीच वाया जात नाही.

आपली औषधं दुसऱ्याला देऊ नका, लक्षणं तीच वाटली तरी. तुम्ही डॉक्टर नाही आणि त्याला काय चालतं काय नाही हे त्यालाही कदाचित धड माहीत नसतं.

मला डायबेटिस आहे, वेगळं काही?

हो. साखर कमी झाली तर चटकन घ्यायला ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर ठेवा. ठरलेली पद्धत अशी की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची, १५ मिनिटं थांबून परत तपासायचं आणि अजून कमी असेल तर परत तेवढंच घ्यायचं, आणि साखर वर आली की मग काहीतरी नीट खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. शेजारी बसणाऱ्या दोघांना हे सांगून ठेवा, लाजण्यासारखं यात काही नाही.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला राहतं. चालू केलेलं पेन बऱ्याच प्रकारांत साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालतं, तुमच्या पॅकवर काय लिहिलंय तेच खरं धरा. म्हणजे ते बॅगेत कायमचं पडून राहू शकत नाही, ते रोज सोबत न्यायचं आणि बॅगेत ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप, सुया वगैरे ठेवायचं.

दमा असलेल्यांनी जास्तीचा इनहेलर ठेवा, त्यावरही एक्स्पायरी असते. धूळ आणि धूर असतो तेव्हाच तो लागतो आणि नेमका तेव्हाच तो घरी राहिलेला असतो.

फर्स्ट एडमध्ये नेमकं काय घालू?

थोडंच घाला पण वापरता येईल असं. वेगवेगळ्या मापाच्या चिकटपट्ट्या, निर्जंतुक गॉजचे चौकोन, चार-पाच सेंटिमीटर रुंदीचं रोलर बँडेज, मेडिकल टेप, अँटिसेप्टिक वाइप्स, डिस्पोजेबल ग्लोव्हजच्या दोन जोड्या, बोथट टोकाची कात्री, चिमटा, सेफ्टी पिना, ओआरएसची पाकिटं, आणि तुम्हाला चालते ती तापाची-दुखण्याची गोळी.

रक्त जोरात येत असेल तर गॉज नाहीतर स्वच्छ कापड ठेवून त्यावर घट्ट दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघत बसायचं नाही, कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. भाजलं तर नळाचं गार वाहतं पाणी २० मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. ओआरएसचं पाकीट जेवढ्या पाण्याचं असेल तेवढ्याच पाण्यात सगळं एकदम कालवायचं, काही पाकिटं एक लिटरची असतात आणि काही २०० मिलीची, तेव्हा आधी वाचा. एक लिटरवालं एका ग्लासात कालवलं तर ते फार तीव्र होतं आणि उलट अपाय होतो, लहान मुलांना तर जास्तच.

मोबाईलमध्ये टॉर्च आहे की, वेगळा कशाला?

कारण त्याच मोबाईलवरून तुम्हाला घरी कळवायचंय. जिना उतरताना अर्धा तास टॉर्च लावला तर बॅटरी भराभर जाते. छोटा एलईडी टॉर्च घ्या, आणि हेडलॅम्प मिळाला तर उत्तमच, एका हाताने कठडा धरायचा असतो आणि दुसऱ्या हाताने कुणाला तरी सांभाळायचं असतं, तिसरा हात कुठून आणणार.

सेल टॉर्चच्या आत घालून वर्षभर ठेवू नका, साधे अल्कलाईन सेल गळतात आणि टॉर्च आतून खराब करतात. बाहेर काढून त्याच पिशवीत ठेवा, अंधारातही दिशा चुकू नये म्हणून एकदा डोळे मिटून घालायची सवय करा. एकदाच वापरायचे लिथियमचे सेल महाग पडतात पण वर्षानुवर्षं टिकतात. मेणबत्ती आणि काडेपेटी मात्र नको, कुठे गॅस गळत असेल ते कळत नाही, आणि ऑफिसात कागद आणि पडदे भरपूर.

पॉवर बँक कितीची घ्यावी?

१०,००० एमएएच पुरते. पण त्यातलं सगळं फोनमध्ये जात नाही, आतल्या सेलचं व्होल्टेज ३.७ असतं ते ५ करताना वाढतं त्यामुळे आकडा कमी होतो आणि वर थोडी गळतीही असते, एकूण हाताशी साधारण ६,००० ते ६,५०० येतात. म्हणजे आजकालच्या फोनचं एक पूर्ण चार्जिंग आणि वर थोडं. केबल बॅगेतच कायमची ठेवा, रोजची केबल रोजच्या कामात हरवते.

ती आपोआप हळूहळू उतरते म्हणून दर तीन महिन्यांनी चार्ज करा. फुगलेली दिसली तर वापरू नका, दाबू नका, ई-कचऱ्यात द्या.

शिट्टी कशाला?

ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो, आणि धुळीत ओरडायचं म्हणजे प्रत्येक वेळी धूळ आत घ्यायची. शिट्टीला दम कमी लागतो आणि आवाज लांब जातो. तीन वेळा वाजवा, थांबा, परत तीन वेळा, ही मदतीची खूण बऱ्याच ठिकाणी समजते. आत गोळी नसलेली प्लास्टिकची घ्या, ओली झाली तरी वाजते. बॅगेच्या आत तळाशी नको, पट्ट्याला बाहेर बांधा. लिफ्टमध्ये अडकलात तरीसुद्धा उपयोगी पडते.

मास्क कुठला?

एन९५ किंवा त्याच्या बरोबरीचा एफएफपी२. एन९५ हा ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे अगदी बारीक कण निदान ९५ टक्के अडवतो आणि एफएफपी२ ९४ टक्के, पण नाकाजवळ आणि हनुवटीजवळ नीट बसला तरच, दाढी असेल तर फट राहते. धूळ, राख, धुराचे कण यासाठी ठीक आहे. पण हा मास्क लावून आगीच्या धुरातून जाता येईल असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, कार्बन मोनॉक्साईडसारखा वायू त्यातून सरळ आत येतो.

अजून काय काय राहतं लोकांचं?

चष्मा. लेन्स घालणाऱ्यांचा तर हमखास राहतो, २४ तास लेन्स डोळ्यात ठेवायच्या नसतात, म्हणून लेन्सची डबी आणि सोल्यूशन आणि जुन्या नंबरचा का होईना पण चष्मा. सॅनिटरी पॅड, ज्यांना लागतात त्यांनी तारखेचा हिशोब न करता ठेवा, आणि चार जास्त ठेवा कारण त्या रात्री कुणीतरी मागायला येणारच. टॉयलेट पेपर, ओले वाइप्स, सॅनिटायझर. काळ्या जाड कचऱ्याच्या दोन-तीन पिशव्या, फ्लशला पाणी नसलं तर लागतात, पावसात रेनकोट होतो, जमिनीवर बसायला होतं. पातळ जर्सी किंवा शाल, एसी बंद पडला तरी काचेच्या बिल्डिंगमध्ये रात्री गारठा पडू शकतो. चकचकीत इमर्जन्सी ब्लँकेट मिळतं, नासाने १९६४ मध्ये अवकाशासाठी बनवलेल्या मटेरियलवरून आलेलं, खिशात मावतं आणि शरीराची बरीचशी उष्णता परत फेकतं, फक्त कुरकुर आवाज करतं आणि पटकन फाटतं. फुटलेल्या काचा बाजूला करायला जाड कामाचे हातमोजे.

कागदपत्रं, पैसे?

थोडी रोख, सुट्ट्या नोटांत. नेटवर्क नाही म्हणजे ऑनलाईन पेमेंट नाही, एटीएम नाही, आणि मोठी नोट दिली तर सुटे परत मिळत नाहीत. ओळखपत्राची झेरॉक्स झिप लॉक पिशवीत. आणि महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहिलेले, हे तर करायलाच हवं, कारण आज बहुतेकांना स्वतःच्या बायकोचा किंवा नवऱ्याचा नंबरही पाठ नसतो. जवळच्या भागाचा छापील नकाशा किंवा हाताने काढलेला रस्ता असेल तर फारच छान.

बॅग कसली आणि ठेवायची कुठे?

साधी दोन पट्ट्यांची सॅक, जुनी चालेल, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. भरल्यावर एकूण वजन पाच किलोच्या आसपास राहू दे, आणि भरून झाल्यावर ती पाठीला लावून एकदा जिना चढून उतरून बघा, तिथेच कळतं काय काढायचं ते.

ठेवायची हाताशी, डेस्कखाली किंवा खालच्या ड्रॉवरमध्ये. बेसमेंटच्या लॉकरमध्ये ठेवलेली बॅग असून नसल्यासारखी. उंच कपाटावर नको, हादरा बसला तर डोक्यात पडेल. भूकंपाच्या भागात राहत असाल तर बूट आणि टॉर्च एका पिशवीत घालून टेबलाच्या पायाला बांधून ठेवा, टेबलाखाली शिरलात की तिथेच सापडतात.

आग लागली तर बॅग घेऊन निघायचं ना?

नाही. अलार्म वाजला आणि बॅग पायाशीच असेल, एका झटक्यात खांद्यावर येणार असेल तरच घ्या. शोधावी लागणार असेल, दुसऱ्या खोलीत असेल, तर सोडून निघा, आणि एकदा बाहेर पडलात की बॅगेसाठी परत आत जायचं नाही, कितीही जवळ असली तरी. लिफ्ट नाही, जिनाच. धूर असेल तर खाली वाकून चला, जमिनीजवळची हवा त्यातल्या त्यात बरी असते. बंद दार उघडायच्या आधी हाताची मागची बाजू लावून बघा, गरम लागलं तर ते दार उघडू नका. बॅग म्हणजे पाचशे-हजारांचा माल आहे हो, परत भरता येते.

चाकू, मल्टिटूल ठेवलं तर सिक्युरिटी अडवेल का?

अडवू शकते, काही ठिकाणी कात्रीलाही आक्षेप असतो. आधी विचारा आणि नाही म्हणाले तर ठेवू नका, बोथट कात्रीवर बहुतेक कामं भागतात. पेपर स्प्रे आणि लायटरचंही तसंच.

माझा डेस्कच फिक्स नाही, नाहीतर मी फिरतीवर असतो. मग?

डेस्क बदलता असेल तर दोन भाग करा. रोजच्या बॅगेत एक छोटा पाउच, त्यात शिट्टी, छोटा टॉर्च, मास्क, एक दिवसाची औषधं, पॉवर बँक, नंबरांचा कागद, रोख. हा कुठेही जा सोबत असतो. बूट, पाणी, खाणं, शाल हे त्या मजल्यावरच्या लॉकरमध्ये.

गाडीत ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या की उन्हात बंद गाडी आतून ५० डिग्रीच्या पुढे जाऊ शकते. औषधं, पॉवर बँक, सॅनिटायझर, इनहेलर असल्या गोष्टी गाडीत कायमच्या ठेवू नका. बूट, ब्लँकेट, टॉर्च, हातमोजे खुशाल ठेवा. पाणी ठेवलं तर लवकर लवकर बदला.

बाजारात तयार किट मिळतं, ते घेऊ का?

वेळ नसेल तर घ्या, काहीच नसण्यापेक्षा बरं. पण मला स्वतःला ती फारशी पटत नाहीत, आकडा मोठा दिसावा म्हणून शंभर वस्तूंपैकी साठ चिकटपट्ट्याच असतात, टॉर्च तकलादू असतो आणि तुमची औषधं, बूट, चष्मा हे तसंही तुम्हालाच घालायला लागतं. घरात शोधलं तर अर्धी बॅग तिथेच भरते.

पूर्ण टीमसाठी काय करता येईल?

प्रत्येकाची बॅग प्रत्येकाची, ती एकत्र करू नका. सामाईक म्हणून पाण्याचा साठा, मोठा फर्स्ट एड बॉक्स, सेलवर चालणारा रेडिओ, दोन-तीन दणकट टॉर्च, एक लोखंडी पहार एवढं मजल्यावर असलं तर चांगलं. मजल्यावर व्हीलचेअरवर असलेलं, गरोदर, गुडघे दुखणारं, ऐकायला कमी येणारं कोण आहे आणि जिना उतरताना त्यांच्यासोबत कोण राहणार हे त्यांनाच विचारून ठरवा, त्यांच्या गैरहजेरीत ठरवलेलं ऐनवेळी चालत नाही.

आणि हार्टचा ठोका एकाएकी बिघडून माणूस कोसळला तर शॉक देणारं एईडी मशीन बिल्डिंगमध्ये आहे का ते बघा. सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, सुरू नसेल तर शॉकला जितका उशीर तितकी वाचायची शक्यता मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. छाती दाबायचा वेग मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला खोली ५ ते ६ सेंटिमीटर. हे वाचून येत नाही, कोर्स करावा लागतो, एका दिवसाचाही होतो, कंपनीकडे मागून घ्या.

बॅग किती दिवसांनी तपासायची?

वर्षातून दोनदा. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, किंवा फायर ड्रिल होते त्याच दिवशी करा. खाणं, औषधं, सेल, मास्कचे इलॅस्टिक, ओआरएस, चष्म्याचा नंबर, फोन नंबरांचा कागद. ऋतूप्रमाणे जर्सी, छत्री आत-बाहेर. सगळ्यांच्या एक्स्पायरी तारखा एका कागदावर लिहून बॅगेच्या आत वरच चिकटवा म्हणजे दर वेळी सगळं उपसायला लागत नाही.

घरच्यांशी काय बोलून ठेवायचं?

फोन लागला नाही तर काय, हे ठरवा. गावाबाहेरच्या, दुसऱ्या शहरातल्या एका माणसाला सगळ्यांनी कळवायचं असं ठरवलं तर सोपं जातं, कारण जिथे संकट आलंय तिथल्या तिथे फोन लागत नाहीत पण बाहेर बऱ्याचदा लागतो. कॉल नाही लागला तर साधा एसएमएस पाठवा, त्याला नेटवर्क फार कमी लागतं आणि जागा मिळाली की तो आपोआप जातो. मेसेजमध्ये तीनच गोष्टी, मी कसा आहे, कुठे आहे, आणि इथेच थांबणार की निघणार.

मुलांना शाळेतून कोण आणणार, तुम्ही पोचला नाहीत तर दुसरं कोण, आणि त्या माणसाचं नाव शाळेच्या यादीत आहे का हे आधी बघा. घरी म्हातारी माणसं एकटी असतील तर शेजाऱ्यांकडे किल्ली आणि तुमचा नंबर. फोनच्या लॉक स्क्रीनवर मेडिकल इन्फो आणि इमर्जन्सी काँटॅक्ट भरता येतो, सेटिंगमध्ये पाच मिनिटं लागतात, तो भरा आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्येही भरून द्या.